अकरा नंबरची फरशी

माणसाने बाथरूममध्ये पडायला हरकत नाही. मोठमोठी माणसं पडली आहेत. पण पडताना हातात चालू फोन असू नये, आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला माझी बहीण योर्लेनी तर मुळीच असू नये.

आई नेमकी तशीच पडली. योर्लेनी तिकडे निकोयाला, खरबुजं पॅक करण्याच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. तिने सगळं शिस्तीत ऐकलं. आधी "आई गं!", मग धप्प, मग काहीतरी गडगडत गेल्याचा आवाज, मग शांतता. शेवटी आई फोनवर म्हणाली, "काही नाही गं, बादली पडली."

"बादली 'आई गं' म्हणाली?" योर्लेनीने विचारलं.

आईच्या कमरेला एक निळा डाग सोडला तर काही झालं नव्हतं. पण योर्लेनीच्या कारखान्यात खरबूज जरी घरंगळलं तरी चौकशी होते, इथे तर जन्मदाती घरंगळली होती. संध्याकाळी तिने मला फोन करून निकाल ऐकवला.

"ग्रेव्हिन, बाथरूमची फरशी बदल. मी महिनाअखेरच्या रविवारी येते. ओल्या पायांनी स्वतः चालून बघणार. पाय सरकला तर आई माझ्या गाडीत."

"गाडीत म्हणजे?"

"म्हणजे निकोयाला. कायमची."

आई एकदाच निकोयाला गेली होती, नाताळात. सुट्टीभर पंख्यासमोर बसून राहिली आणि परत येऊन म्हणाली, "नरकातही एवढंच उकडत असेल, पण तिथे निदान ओळखीचे लोक भेटतील." आमचं गाव ज्वालामुखीच्या उतारावर आहे. इथे दुपारी धुकं घरात येऊन बसतं आणि एप्रिलमध्येही घोंगडी लागते. आईला असंच आवडतं.

आता कोणी म्हणेल की मला आईच्या हातच्या भात-राजम्याची काळजी होती. तसं नाही. मी सत्तावीस वर्षांचा आहे आणि मला अंडं उकडता येतं. प्रश्न वेगळा आहे. सकाळी कॉफी गाळता गाळता आई रेडिओवरच्या निधनवार्ता ऐकते आणि मला आवश्यक तेवढ्या सांगते. ती गेली तर गावात कोण मेलं हे मला कळायचं कसं? मी मेलेल्या लोकांची विचारपूस करत हिंडेन. शिवाय ती कॉफी मला एकट्याने प्यावी लागेल. पण हा मुद्दा मी योर्लेनीसमोर मांडला नाही.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी फाटकाशी "उपेऽ!" अशी हाक आली. आमच्याकडे घंटी वाजवत नाहीत, उपे म्हणतात आणि उत्तराची वाट न बघता आत येतात. पहिले आले ते समोरचे एफ्राइनकाका. आयुष्यभर त्यांनी बस चालवली.

"फरशीबिरशी काही नको," खुर्चीत बसत ते म्हणाले. "बसच्या पायरीचं रबर लाव. बसच्या पायरीवर कधी कोणी घसरल्याचं ऐकलंयस?"

"तुमच्या बसमधून लोक पडायचे, काका."

"ते मी ब्रेक मारल्यावर. त्यात पायरीचा काय दोष?"

त्यांच्या मागोमाग मिर्ताकाकू आल्या. त्या गावच्या विकास मंडळाच्या अध्यक्ष आहेत, सार्वजनिक सभागृहाची किल्ली त्यांच्या गळ्यात असते, आणि ती तिथे आहे हे त्या कोणाला विसरू देत नाहीत. "फरशीखाली चर्चमधल्या काळ्या देवमातेचं पदक पुर," त्या म्हणाल्या.

"कोपऱ्यात की मधोमध?"

"नळाखाली. सगळे तिथेच पडतात."

मी नोकरी करतो ती अशी: फोनवरून अमेरिकेतल्या लोकांना त्यांच्या वॉशिंग मशीनविषयी सल्ला द्यायचा. ती मशीन मी पाहिलेली नाहीत, लोकही पाहिलेले नाहीत. त्यामुळे न पाहिलेल्या गोष्टींबद्दल ठामपणे बोलणं ही काय तपश्चर्या असते, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी दोघांचे आभार मानले आणि शहरातल्या मोठ्या फरशीच्या दुकानात गेलो.

तिथला विक्रेता माझ्याच वयाचा होता, फक्त त्याचा शर्ट इस्त्रीचा होता. त्याने मला एक करड्या रंगाची, मगरीच्या पाठीसारखी खरबरीत फरशी दाखवली.

"ही अँटी-स्किड. अकरा नंबर."

"अकरा म्हणजे काय?"

त्याने विचार केला. "दहापेक्षा जास्त."

"मग बारा नाही का?"

"बारा आहे, पण ती कत्तलखान्यात लावतात. आई बाथरूममध्ये नेमकं काय करतात त्यावर आहे."

आई फक्त आंघोळ करते असं मी सांगितलं आणि अकरावर तडजोड झाली. पण अशी शब्दावर फरशी घेणारा मी नव्हे. घरून मी शाम्पूची बाटली नेली होती. फरशीचा नमुना जमिनीवर ठेवायला लावला, त्यावर पाणी ओतायला लावलं, शाम्पू मीच ओतला आणि बूट काढले. मोजाही काढणारच होतो, पण डाव्या मोज्यातून अंगठ्याने आधीच बाहेर येऊन दुकान बघायला सुरुवात केली होती. स्वयंपाकघरासाठी सिंक निवडायला आलेलं एक नवविवाहित जोडपं सिंक सोडून माझ्याकडे बघायला लागलं.

मी अकरा नंबरवर उभा राहिलो. हललो. डुललो. एका पायावर उभा राहिलो. फरशीने मला दातांनी धरल्यासारखं धरून ठेवलं होतं. समाधानाने मी बूट घ्यायला शेजारच्या, संगमरवरासारख्या दिसणाऱ्या फरशीवर पाय ठेवला. पायाला शाम्पू होता. मी गेलो तो एक वॉशबेसिन आणि टब विकणारी एक पुठ्ठ्याची बाई यांना सोबत घेऊन गेलो. नवविवाहितेने टाळी वाजवली. मुद्दा असा की अकरा नंबरची योग्यता निर्विवाद सिद्ध झाली. ती सिद्ध होत असताना मी आडवा होतो, एवढंच.

"घरपोच पाठवतो," विक्रेता माझ्यावरून त्या बाईला उचलत म्हणाला. "पत्ता?"

"जुन्या पिठाच्या गिरणीपासून शंभर मीटर पूर्वेला, हिरवं फाटक."

यात चूक काहीच नाही. गिरणी माझ्या जन्माआधीच पाडली, आणि आमचं फाटक आईच्या हट्टामुळे मागच्या नाताळात मोतिया रंगाचं झालं, हे खरं. पण रंग बदलला म्हणून पत्ता थोडाच बदलतो? पोस्टमनपासून पाद्र्यांपर्यंत सगळे अजून आम्हाला हिरवं फाटकच म्हणतात. योगायोग असा की मिर्ताकाकूंनी त्याच सुमारास आमच्याच रस्त्यावरच्या सभागृहाचं फाटक हिरवं रंगवून घेतलं होतं. आमचाच उरलेला जुना रंग होता. आईनेच दिला होता.

इकडे ओल्मान मिस्त्रींनी ठरल्या दिवशी येऊन आमचं बाथरूम फोडलं. फोडण्यात मिस्त्रींचा हात कोणी धरणार नाही. दुपारपर्यंत तिथे फक्त माती, एक पाइप आणि मिस्त्रींची शिट्टी उरली. "उद्या फरशा आल्या की परवा आंघोळ," असं म्हणून ते गेले. दुसऱ्या दिवशी फरशा आल्या नाहीत, आणि मिस्त्रीही आले नाहीत.

त्यामुळे आईला आंघोळीला मिर्ताकाकूंकडे जावं लागलं. डोक्याला टॉवेल, हातात छत्री, काखेत साबणाची डबी, अशी ती रस्ता ओलांडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सुप्रभात म्हणायची. मिर्ताकाकूंच्या बाथरूमची जमीन आरशासारखी गुळगुळीत. मी बाहेर रस्त्यावर, त्यांच्या खिडकीखाली उभा राहून दर थोड्या वेळाने ओरडायचो, "आई, उभी आहेस ना?"

"उभी आहे!"

बसची वाट बघणारे लोक आधी माझ्याकडे बघायचे. तिसऱ्या दिवसापासून तेच विचारायला लागले. "सेनेइदाबाई, उभ्या ना?" एक बस ड्रायव्हर तर उत्तर आल्याशिवाय गाडी हलवेना.

शेवटी मी मिस्त्रींच्या शोधात निघालो. ते सभागृहात सापडले. गुडघ्यांवर बसून, शिट्टी वाजवत, नाचाच्या जागेच्या बरोबर मधोमध ते करड्या, खरबरीत फरशा बसवत होते.

"मिस्त्री, ह्या माझ्या फरशा आहेत."

त्यांनी मागे सरकून बघितलं. "मला वाटलंच. ओळखीच्या वाटत होत्या."

"मग लावल्यात कशाला?"

"मिर्ताबाईंनी सांगितलं. आणि तुमच्याकडे लावायला काही नव्हतंच की."

झालं होतं ते असं. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर होती आणि एका उमेदवाराने सभागृहाला नवी फरशी देण्याचं वचन दिलं होतं. तेवढ्यात हिरव्या फाटकात फरशांचा ट्रक येऊन उभा राहिला. उमेदवाराने दिलेला शब्द पाळला, तोही निवडणुकीआधी! हा धक्का एवढा मोठा होता की पावतीवर कोणाचं नाव आहे हे बघायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. मिर्ताकाकू रडल्या म्हणे.

"फरशा उखडता येतील का?" मी विचारलं.

"येतील," मिस्त्री म्हणाले. "पण मग त्या फरशा राहणार नाहीत."

शनिवारी सभागृहात ज्येष्ठांचा नाच असतो. एफ्राइनकाकांनी मिर्ताकाकूंना बोलेरोसाठी हात दिला, दोघं ऐटीत मधोमध आले आणि काकांनी त्यांची प्रसिद्ध गिरकी घेतली. काकांचं धड फिरलं. बूट जिथल्या तिथे राहिले. गुडघ्याला मधल्यामध्ये काय करावं ते कळेना. त्या रात्री आणखी तीन जोडपी तशीच अर्धी वळून अडकली आणि त्यांना उचलून सरळ करावं लागलं. अकरा नंबरची फरशी खरंच चांगली होती.

विकास मंडळाची बैठक भरली. मी माझी बाजू मांडली. चिटणीस म्हणाले की मंडळाला भेट परत करता येत नाही, तशी तरतूद नाही. मी म्हटलं ही भेट नव्हतीच, चूक होती. ते म्हणाले चूक परत करण्याचीही तरतूद नाही. मग मिर्ताकाकू उठल्या.

"उमेदवाराला आभारप्रदर्शनाला बोलवा," त्या म्हणाल्या.

उमेदवार आला. हार घातला. त्याने फरशीकडे पाहिलं, जन्मात पहिल्यांदाच पाहिलं, आणि क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, "हे तर माझं कर्तव्यच होतं!" टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायच्या आत मिर्ताकाकूंनी माईक घेतला. "साहेब, थोड्या कमी पडल्या हो. अशाच आणखी एवढ्या," असं म्हणून त्यांनी आमच्या बाथरूमचं माप सांगितलं. आता त्याला नाही कसं म्हणता येणार? अशा रीतीने माझ्या फरशांचं श्रेय त्याने घेतलं आणि त्याच्या फरशा मी घेतल्या. लोकशाहीवर माझा विश्वास आहे.

रविवार आठ दिवसांवर आला असताना आमच्या बाथरूमला एकदाची अकरा नंबर लागली. मिस्त्रींनी मोरीकडे उतारही बरोबर काढला. फक्त आधी उलटा काढला होता, तो नंतर सुलटा केला. पदकही नळाखाली पुरलं. मी शाम्पू ओतून, अनवाणी, जोरात पाय घासून पाहिला. टाचेची साल गेली पण पाय तसूभर सरकला नाही. मी लंगडत बाहेर आलो. मला अतिशय आनंद झाला होता.

आई दारात उभी होती. फरशीकडे बघत होती.

"कशी आहे?"

"चांगली आहे," आई म्हणाली. आजारी माणसाला बघून आल्यावर ती याच आवाजात बोलते.

मग शेजारी बघायला आले. एकेक जण दारात यायचा, आत डोकावायचा आणि एक पाऊल मागे घ्यायचा. एफ्राइनकाका म्हणाले, "टिकाऊ वाटते." मिर्ताकाकूंनी आईचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "सेनेइदा, वाईट वाटून घेऊ नकोस."

ही फरशी चमकत नव्हती. ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. आमच्या गावात बायका शनिवारी सकाळी जमिनीला मेण लावतात आणि दुपारपर्यंत घासतात. पाहुणा आला आणि त्याला जमिनीत स्वतःचे गुडघे दिसले नाहीत, तर तो कॉफी घेतो पण कपाची कड नीट बघून घेतो. सभागृहातली फरशीसुद्धा मिर्ताकाकूंनी लाल मेणाचे थर चढवून माणसात आणली होती, आणि काकांची गिरकी पूर्ववत झाली होती.

त्या आठवड्यात माझी रात्रपाळी होती. मी सकाळी घरी येऊन, अर्धवट डोळ्यांनी बाथरूममध्ये जायचो. मला वाटायला लागलं की फरशी हळूहळू बसतेय. सोमवारी ती करडी होती. बुधवारी तांबूस वाटली. गुरुवारी मी तिच्यात दिवा पाहिला. सिमेंट वाळलं की रंग उघडतो, असं मी कुठेतरी ऐकलं होतं, आणि न ऐकलं असतं तरी मी ते कोणालाही ठामपणे सांगितलं असतं. पाय ठेवताना जरा मऊ लागायचं. मी म्हटलं, सवय होतेय.

रविवारी योर्लेनी आली. गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र होतं. सुट्टीच्या दिवशी, आईच्या घरी. बैठकीच्या खोलीत एफ्राइनकाका आणि मिर्ताकाकू कॉफी घेऊन आधीच बसले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"कुठे आहे ती फरशी?"

मी दार उघडलं. आईने माझ्या मागे लपून एप्रन मुठीत धरला होता. तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं की ती मनातल्या मनात कपडे भरतेय. निकोयाला घोंगडी न्यावी की नाही, एवढाच प्रश्न उरलाय असा तिचा चेहरा होता.

योर्लेनीने आत पाहिलं आणि सुरक्षा अधिकाऱ्याचा चेहरा एकदम सैल झाला.

"अगं बाई! आई, किती सुंदर चमकतेय!"

"हो ना?" आई पुढे आली. "तीन डबे लागले. खरबरीत होती मेली, मेण पिऊन टाकत होती नुसती."

हे ऐकून मी तोंड उघडलं. पण माझ्या बहिणीने सुरक्षेचं शिक्षण घेतलं ते कॉलेजात, आणि चमकेचं घेतलं ते रांगताना. जे आधी शिकलेलं असतं ते आधी आठवतं. तिने कौतुकाने मान हलवली, चपला काढल्या, नियमाप्रमाणे पाय ओले केले आणि आत्मविश्वासाने पाऊल उचलून टाकलं.

मिस्त्रींनी उतार खरोखर छान काढला होता. योर्लेनी आधी मोरीकडे गेली, भिंतीला हात लावून वळली, दारातून बाहेर आली आणि बैठकीकडे जाणाऱ्या बोळात शिरली. बोळाला तर माझ्या जन्माआधीपासून दर शनिवारी मेण लागत आलंय. तिथे तिचा वेग वाढला. बैठकीत ती बसल्या स्थितीत आली. एफ्राइनकाकांनी कप वर उचलला, पायही वर घेतले, आणि ती त्यांच्या खुर्चीला टेकून थांबली.

"हे ब्रेक चांगले होते," काका म्हणाले.

आई धावली. मी खोटं बोलणार नाही: तिने आधी फरशीवर ओरखडा आलाय का ते बघितलं. अगदी क्षणभर. मग ती लेकीजवळ बसली.

घोटा सुजला होता. दवाखान्यात पट्टी बांधली आणि काही आठवडे गाडी चालवायची नाही, जास्त उभं राहायचं नाही, असं बजावलं. योर्लेनी आईच्या पलंगावर, उशीवर पाय ठेवून पडली आणि छताकडे बघत म्हणाली, "पाय सरकला. अट म्हणजे अट. पाय बरा झाला की आई माझ्याबरोबर."

आईने तिच्या पायाखालची उशी सारखी केली. मला शब्द फक्त वॉशिंग मशीनच्या बाबतीत सुचतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने रेडिओ लावला, कॉफी गाळली, कोण गेलं ते सांगितलं. योर्लेनीला आंघोळ करायची होती. मी हात पुढे केला. "तू लांब राहा," ती म्हणाली. मग ती एका पायावर बोळाच्या तोंडाशी उभी राहिली आणि समोरच्या चमकत्या जमिनीकडे बघायला लागली. खरबुजांच्या कारखान्यात असली जमीन तिने सील केली असती.

आई आली. हातात जुन्या लोकरी स्वेटरचे चार तुकडे. दोन तिने स्वतःच्या पायाखाली टाकले, दोन योर्लेनीच्या, आणि तिच्या कमरेत हात घातला.

"पाय उचलायचा नाही. उचललास की पडलीस. सरकवायचा. असा. वजन माझ्यावर टाक."

"आई, तू पडशील."

"मी साठ वर्षं ह्यावर चालतेय. फक्त बोलत बोलत चालायचं नसतं."

दोघी निघाल्या. हळूहळू, एकमेकींना लागून, कापडावर घसटत. आई एका लयीत जात होती, पाण्यात चालल्यासारखी, आणि योर्लेनी दोन्ही हातांनी तिला धरून मागे. बाथरूममध्ये पोचल्यावर आतून माझ्या बहिणीचा आवाज आला.

"ग्रेव्हिन, कारखान्यात फोन कर. सांग की मी काही दिवस इथेच आहे."

"आणि आईचं काय? निकोयाचं?"

आतून कापड घासल्याचा आवाज आला.

"आईने मला धरलंय," योर्लेनी म्हणाली. "तिला कुठे नेऊ?"

"बोलू नकोस, चाल," आई म्हणाली. "आणि त्या कोपऱ्यात जरा दाबून सरकव, बाळा. तिथे चमक कमी आहे."